ख्रिस्ताचं अधोलोकात उतरणं जुन्या पाताळकथांतून आलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ख्रिस्ती लोकांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धा सांगणाऱ्या ठरावीक पाठात, येशू मरण पावला, पुरला गेला, अधोलोकात उतरला आणि तिसऱ्या दिवशी उठला, असं येतं. प्रश्नकर्त्याने एका व्हिडिओत ऐकलं की सुमेरची, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकची, देवी इनान्ना हीसुद्धा पाताळात गेली, तिथे तीन दिवस खुंटीला लटकून मेलेली होती आणि मग परत आली. ग्रीक पुराणातला ऑर्फियस खाली गेला, हेराक्लीसही गेला. मग ही गोष्ट तिथूनच उचलली असं म्हणायचं का? आणि ख्रिस्ती मित्राशी हे बोलावं का?

मित्राचं शेवटी बघू. पहिल्या प्रश्नासाठी जरा बसावं लागेल. प्राचीन पश्चिम आशियाचे धर्म शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली आणि ईस्टर जवळ आला की वर्गात कुणी ना कुणी हे विचारायचंच. माझं उत्तर एवढ्या वर्षांत थोडं बदललं आहे. आधी मी फटकन 'नाही' म्हणायचो. आता म्हणतो: गोष्ट उचललेली नाही, पण ज्या घरात ती घडते ते घर फार जुनं आहे, आणि त्या घराला एक तोंड आहे. जिना कोण उतरलं याच्या याद्या करण्यापेक्षा त्या तोंडाचा माग काढला तर हाती जास्त लागतं.

तुम्ही विचारलंत ते अठराशे वर्षांपूर्वी केल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने विचारून ठेवलं आहे. साधारण इ. स. १७८ च्या सुमारास त्याने ख्रिस्ती लोकांवर एक जळजळीत ग्रंथ लिहिला. तो मूळ ग्रंथ हरवला, पण सत्तरएक वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने त्याचं खंडन करताना त्यातले उतारेच्या उतारे लिहून काढले, त्यामुळे केल्सस आपल्या विरोधकाच्याच वहीत टिकून राहिला. पाताळात जाऊन परत आले असं ज्यांच्याबद्दल सांगतात ती झाल्मोक्सिस, राम्प्सिनितोस, ऑर्फियस, प्रोतेसिलाओस, हेराक्लीस, थेसियस ही सगळी नावं त्यात येतात. (राम्प्सिनितोस हा इजिप्तचा राजा, तो पाताळात जाऊन देवीशी फासे खेळला आणि सोन्याचा रुमाल घेऊन वर आला, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलं आहे. या यादीतला माझा सगळ्यात लाडका गडी.) वर केल्ससचा टोमणा: पृथ्वीवरच्या माणसांना पटवता आलं नाही म्हणून तुमचा येशू पाताळातल्यांना पटवायला गेला, असं तर म्हणणार नाही ना? ओरिजेन अजिबात लाजत नाही. म्हणायचंच आहे आम्हाला, असं तो सांगतो. देह सोडून तो देह सोडलेल्या आत्म्यांशी बोलला.

त्याच्याही आधी, १५५ च्या आसपास, रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून लिहिताना चक्क कबूल केलं होतं की येशू मेला, उठला, स्वर्गात गेला असं आम्ही म्हणतो तेव्हा तुम्ही झ्यूसच्या मुलांबद्दल जे सांगता त्याहून फार वेगळं काही सांगत नाही. म्हणजे सारखेपणा कुणी लपवला नव्हता. तो कुठून आला यावरच भांडण होतं.

आता इनान्ना. व्हिडिओवाले तिची गोष्ट तीन वाक्यांत सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो. मूळ सुमेरी काव्य चारशेच्या आसपास ओळींचं आहे. 'वरच्या थोरल्या लोकातून तिने खालच्या थोरल्या लोकाकडे चित्त लावलं,' अशा अर्थाने ते सुरू होतं. ती निघते ती कुणाला सोडवायला म्हणून नाही. खाली तिची बहीण एरेश्किगल राज्य करते. वाटेत सात दारं, आणि प्रत्येक दाराशी अंगावरची एकेक वस्तू उतरवून द्यायची: मुकुट, गळ्यातले मणी, हातातली मोजपट्टी, शेवटी वस्त्र. का, असं तिने विचारलं की उत्तर ठरलेलं: गप्प राहा, पाताळाचे नियम पक्के आहेत. नागवी, वाकलेली ती बहिणीसमोर येते, न्याय होतो, तिचं प्रेत होतं आणि खाटकाच्या दुकानात मांस लटकवतात तसं ते खुंटीला लटकतं. या खुंटीचा क्रूस करणारे लोक मला भेटले आहेत. काव्यात तसं काहीही नाही.

'तीन दिवस आणि तीन रात्री' मात्र त्यात खरंच आहेत. पण त्या कशाच्या? इनान्ना निघताना आपल्या सेविकेला, निन्शुबुरला, सांगून गेलेली असते की मी परतले नाही तर देवांच्या दारी जाऊन आक्रोश कर. तीन दिवस वाट पाहून निन्शुबुर निघते. मग एक देव नकार देतो, दुसरा देव नकार देतो, शेवटी एन्की हा तिसरा देव आपल्या नखांखालच्या मळातून दोन जीव घडवतो आणि त्यांना खाली पाठवतो. यात नेमके किती दिवस गेले, काव्य सांगत नाही. येशूच्या बाबतीत पौल या प्रेषिताने 'शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी' असं लिहिलं, तेव्हा त्याच्या हाताशी होशेय संदेष्ट्याचं 'तिसऱ्या दिवशी तो आम्हाला उठवील' हे वाक्य होतं आणि तीन दिवस माशाच्या पोटात राहिलेला योना होता. सुमेरी भाषा बोलणं तोवर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी थांबलेलं होतं.

इनान्ना जिवंत झाल्यावर जे होतं ते व्हिडिओत येत नाही, आणि माझ्या मते काव्याचं सगळं मर्म तिथे आहे. पाताळाचे न्यायाधीश तिला अडवतात: इथून कोण कधी सुखरूप वर गेलंय? जायचं तर बदली माणूस दे. पिशाच्चं तिच्यासोबत वर येतात, बदली न्यायला. निन्शुबुरला ती देत नाही, कारण तिने तिच्यासाठी शोक केला. तिचा नवरा दुमुझी मात्र छान कपडे घालून सिंहासनावर बसलेला सापडतो. ती त्याच्याकडे बोट दाखवते.

इथे एक गंमत सांगतो, कारण ती आमच्या धंद्यातल्यांनाच झोंबणारी आहे. या कथेची नंतरची, अक्कडियन भाषेतली आवृत्ती, इश्तारची (इनान्नाचंच तिथलं नाव), एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती, पण तिचा शेवट त्रोटक आणि धूसर आहे. मग विद्वानांनी धरून चालावं की इश्तार आपल्या प्रियकराला सोडवायलाच खाली गेली असणार. १८९० पासून फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञाने 'मरून उठणाऱ्या देवांचा' जो मोठा सिद्धांत मांडला, त्यात हा तम्मूझ म्हणजे दुमुझी दिमाखात बसला, आणि तिथून ईस्टरपर्यंत रेघ ओढणं सोपं झालं. १९५१ मध्ये सॅम्युअल नोआ क्रेमर या सुमेरी भाषेच्या अभ्यासकाने सुमेरी काव्याचा शेवट असलेली मातीची पाटी प्रसिद्ध केली. देवीने त्याला सोडवलं नव्हतं, तिने त्याला पिशाच्चांच्या हवाली केलं होतं. पुढे आणखी तुकड्यांवरून कळलं की अर्धं वर्ष तो खाली आणि अर्धं वर्ष त्याची बहीण खाली, अशी पाळी लागते. पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत असलेलं 'सोडवणं' विद्वानांच्या अंदाजातलं निघालं. तेव्हापासून कुणी 'अगदी सेम गोष्ट आहे' म्हटलं की मी आधी पाटीचा शेवट शाबूत आहे का ते विचारतो.

अक्कडियन काव्याच्या सुरुवातीला आणखी एक जागा आहे. इश्तार पाताळाच्या दाराशी येऊन द्वारपालाला धमकावते: उघड, नाहीतर दार फोडीन, कडी तोडीन, मेलेल्यांना वर आणीन, ते जिवंतांना खातील. ही धमकी लक्षात ठेवा. ती धमकीच राहते. दार रीतसर उघडतं, देवी रीतसर आत जाते, एकेक दागिना जकातीसारखा भरते. ऑर्फियसचंही तसंच: मेलेल्या बायकोला परत आणायला गाऊन मन वळवायचं, अट मान्य करायची, मागे वळून बघितलं की संपलं. हेराक्लीस तीनतोंडी कुत्रा ओढून आणतो, पण तोसुद्धा पाताळाच्या राजाची परवानगी घेऊन, आणि नंतर कुत्रा परत नेऊन सोडतो. या सगळ्या गोष्टींत पाताळाचा कायदा शेवटी शाबूत राहतो.

मग खरा धागा कुठे आहे? मी तुम्हाला सीरियाच्या किनाऱ्यावर नेतो. १९२८ मध्ये तिथे एका शेतकऱ्याच्या नांगराला जुनी कबर लागली आणि पुढच्या वर्षीपासून रास शाम्रा टेकडीचं खोदकाम सुरू झालं. निघालं ते उगारित नावाचं शहर, इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या सुरुवातीला उद्ध्वस्त झालेलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बाल नावाच्या पावसाच्या देवाची कथा आहे. बालचा शत्रू मोत. मोत म्हणजे मृत्यूच. हिब्रूतला मृत्यूसाठीचा 'मावेत' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. संस्कृत 'मृत्यू'शी मात्र नातं नाही, कान फसवतो. तर या मोताचं वर्णन असं: एक ओठ जमिनीला, एक ओठ आभाळाला, जीभ ताऱ्यांपर्यंत. बालने त्याच्या घशातून खाली उतरायचं, ऑलिवच्या घासासारखं. बाल उतरतो, आणि शेतं सुकतात. मग अनात देवी मोताला पकडून चिरते, पाखडते, भाजते, दळते आणि शेतात पेरून टाकते. त्यानंतर बाल परततो. पण मोतही परततो. दोघांची पुन्हा झुंज होते.

आता बायबलातलं यशया पुस्तक उघडा, पंचविसावा अध्याय, आठवं वचन: परमेश्वर मृत्यूला कायमचा गिळून टाकील. गिळणं हे मोताचं काम. हजारो वर्षं तोच गिळत आला. इथे कवीने क्रियापद तेच ठेवलं आणि कर्ता-कर्म उलटे केले. हे माझं कल्पनारंजन आहे असं वाटेल, म्हणून दोनच अध्याय पुढे जा: सत्ताविसाव्याच्या पहिल्या वचनात लिव्याथान सापाला 'पळणारा साप, वेटोळ्यांचा साप' म्हटलंय, आणि उगारितच्या पाटीवर बालने मारलेल्या सापाला जवळजवळ त्याच शब्दांत हीच दोन विशेषणं लावलेली आहेत. एवढ्या जवळच्या शब्दांना योगायोग म्हणता येत नाही. उगारितची पाटी कुणा यहुदी कवीने वाचली नसणार, ती तोवर कित्येक शतकं मातीखाली होती; पण कनानच्या भूमीत, म्हणजे त्याच किनारपट्टीच्या मुलखात, ती बोली, त्या उपमा चालत राहिल्या होत्या. वारसा म्हणतात तो असा, शब्दांतून सरकणारा. कथानक जुळलं तर मी मान हलवतो. विशेषणं जुळली तर ताठ बसतो.

पौलाने करिंथकरांना लिहिताना यशयाचं हेच वचन घेतलं: मृत्यू विजयात गिळला गेला. इथे एक बारकावा आहे, हिब्रू आणि ग्रीक पाठ शेजारी ठेवल्याशिवाय तो दिसत नाही. अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात या ओळीचा अर्थ पुन्हा उलटला आहे. तिथे मृत्यूच बलवान होऊन गिळतो. भाषांतर करणाऱ्याची चूक असेल, पण मला दर वेळी वाटतं, जुना मोत गुपचूप आपल्या जागी परत येऊन बसला. पौल तो पाठ बाजूला ठेवतो आणि हिब्रूचा अर्थ धरतो.

येशू खाली उतरला ते ठिकाण हिब्रूत शेओल: धूळ, अंधार, शांतता, चांगले-वाईट सगळे एकत्र. बाबिलोनी लोकांचं 'धुळीचं घर', जिथे मेलेले धूळ खातात आणि पाखरांसारखी पिसं पांघरतात, त्याचंच हे शेजारघर. ग्रीक भाषांतरात शेओलचं झालं हेडिस. आणि शब्द आला की त्याच्यामागून घरातलं सामानही येतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पापी देवदूतांना डांबल्याचं सांगताना चक्क 'टार्टारस'वरून बनवलेलं क्रियापद वापरलंय, जिथे ग्रीक पुराणात टायटन या जुन्या देवांना डांबलं होतं. दुसऱ्या शतकातल्या 'पेत्राच्या प्रकटीकरणा'त, ज्याची एक हस्तलिखित प्रत इजिप्तमध्ये अख्मीम इथे एका कबरीत सापडली, नरकातल्या शिक्षांची यादी आहे आणि नीतिमानांसाठी अखेरूसिया सरोवर आहे. अखेरॉन ही ग्रीकांची पाताळनदी. इथे मात्र 'उचललं' हा शब्द मी बिनदिक्कत वापरतो.

आपल्याकडे हेच घडलेलं आहे, म्हणून मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये रायतूरला ते छापलं गेलं. त्यात स्वर्ग म्हणजे वैकुंठ. आणि गोव्यातल्या कॅथलिकांच्या कोकणीत नरकाला आजही यमकोंड म्हणतात. यम तिथे शब्दात राहून गेला, त्याच्या रेड्यासकट नाही. पण म्हणून कुणी गोव्याच्या ख्रिस्ती आजीला, तुम्ही यमाची पूजा करता, असं म्हणणार नाही.

आता विश्वासांगीकारातली ओळ. ती तिथे उशिरा आली. इ. स. ४०० नंतर थोड्याच वर्षांत रुफिनस या ख्रिस्ती लेखकाने आपल्या आक्विलेया गावच्या विश्वासांगीकारावर भाष्य लिहिलं, त्यात तो स्वच्छ सांगतो की 'खाली उतरला' हे शब्द रोमच्या पाठात नाहीत. नव्या करारात पाया आहे तो पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या एका गूढ वाक्यावर, तुरुंगातल्या आत्म्यांना ख्रिस्ताने घोषणा केली, यावर. आणि ते आत्मे कोण, यावर ऑगस्टीनसारखा थोर धर्मपंडितही अडखळला. सिद्धांत एवढाच, बाकी सगळं चित्र कथाकारांनी भरलं.

आणि कथाकारांनी काय भरलं बघा. 'निकोदेमाचं शुभवर्तमान' नावाच्या ग्रंथात, जो बायबलात नाही, हेडिस हे पात्र आहे आणि त्याचा सैतानाशी संवाद आहे. सैतान खूश: येशूला मी मारलं, आता तो तुझ्याकडे येतोय, सांभाळ. हेडिस घाबरलेला. म्हणतो, मागे लाजार नावाचा एक मेलेला मी गिळला होता, त्याला कुणीतरी नुसत्या शब्दाने माझ्या आतड्यांतून ओढून नेलं. हा तोच असेल तर? आजवर जेवढे गिळले ते सगळे आत अस्वस्थ झालेत, माझं पोट दुखतंय. पाताळाला पोटशूळ! ओठ आभाळाला टेकवणारा मोत कुठे आणि हा कळवळणारा कुठे, पण तोंड आणि पोट तेच आहे. मग आरोळी होते, 'वेशींनो, आपली मस्तकं उंच करा', हे स्तोत्रसंहितेतलं वाक्य, आणि पितळेची दारं फुटतात. तीही स्तोत्रातलीच. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इनान्नाची सात दारं नव्हती, रोज म्हणायची स्तोत्रं होती.

खुद्द मेसोपोटेमियात, निसिबिस आणि एडेसा इथे, चौथ्या शतकात एफ्रेम हा सिरियाक कवी मृत्यू आणि सैतान यांचं भांडण पद्यात घालत होता, तुझ्यापेक्षा मी मोठा, असं. दोन पात्रांनी आळीपाळीने बढाई मारायचा हा काव्यप्रकार त्या मातीत सुमेरी काळापासून होता. खजूर आणि झाऊ या झाडांचं भांडण अक्कडियनमध्ये आहे. देव बदलले, भाषा बदलली, भांडायची रीत टिकली. आणि त्याच शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने गिळण्याची उपमा पार मासेमारीला नेऊन भिडवली: सैतानाने माशासारखं देहाचं आमिष गिळलं आणि आतल्या देवत्वाचा गळ त्याच्या घशात अडकला. बऱ्याच ख्रिस्ती धर्मपंडितांना ही उपमा अवघड वाटते, देवाने फसवलं असं होतं म्हणून. मला ती आवडते.

इस्तंबूलच्या जुन्या कोरा चर्चमध्ये (आता तिथे मशीद आहे) १३१५ नंतरच्या काही वर्षांत रंगवलेलं एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त एका हाताने आदामाला, दुसऱ्याने हव्वेला त्यांच्या थडग्यांतून ओढतोय. हात मनगटापाशी धरलेत. पायाखाली मोडलेली दारं आणि अंधारात विखुरलेल्या कड्या, कुलपं, किल्ल्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला इश्तारची ती धमकी आठवली. चित्रकाराला ती ठाऊक असणं शक्य नव्हतं.

इथेच एक पथ्य सांगतो. मार्कंडेय पुराणात विपश्चित राजाची कथा आहे. एका लहानशा चुकीपायी त्याला नरक बघावा लागतो. निघताना तिथले जीव विनवतात, थांबा, तुमच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आमच्या वेदना शमतात. राजा जायला नकार देतो आणि शेवटी आपलं पुण्य देऊन त्यांना सोडवतो. कथानकाच्या दृष्टीने हा विपश्चित ख्रिस्ताच्या अधोलोकातल्या गोष्टीला इनान्नापेक्षा, ऑर्फियसपेक्षा कितीतरी जवळचा आहे. आणि या दोन गोष्टींत देवाणघेवाण झाल्याचा कसलाही पुरावा नाही. नुसत्या सारखेपणावरून उसनवारी ठरवायची तर मार्कंडेय पुराणापासून सुरुवात करावी लागेल, आणि ती कुणीच करत नाही.

मित्राशी जरूर बोला, पण इनान्नापासून सुरू करू नका. त्याच्या घरच्या मराठी बायबलात यशया २५:८ काढा आणि करिंथकरांस पहिलं पत्र १५:५४ काढा. दोन्हीकडे 'मृत्यू' आहे तिथे बोट ठेवा आणि उगारितच्या मोताची गोष्ट सांगा, ओठांसकट. तो चिडणार नाही. फार तर विचारेल की मग त्या शेतात पेरलेल्या मोताचं पुढे काय झालं. सांगा, सात वर्षांनी तो परत आला, आणि आल्या आल्या त्याची तक्रार एकच होती: मला पाखडलं, भाजलं, दळलं.